तारेतला पासंग

दांडीच्या तराजूत पासंग असेल तर माल आणि वजनं यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात कुणालाही पटेल अशी ही युक्ती प्रयोगशाळेत विद्युत रोध मोजणाऱ्या मीटर ब्रिजलाही जशीच्या तशी लागू पडते.

हा ब्रिजही तराजूच आहे. एक मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची तार. एका फटीत अज्ञात रोध, दुसऱ्या फटीत रेझिस्टन्स बॉक्स, म्हणजे माहीत असलेल्या रोधांची पेटी. तारेवर जॉकी, म्हणजे हातात धरायची धातूची टोकदार पट्टी, टेकवत गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीक प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा, काटा शून्यावर आणायचा. तिथे तारेच्या दोन भागांचं जे गुणोत्तर, तेच दोन रोधांचं. काटा शून्यावर असताना गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाहच जात नाही, म्हणून सेल थोडा उतरलेला असला तरी उत्तर बिघडत नाही. या ब्रिजमागची मूळ रचना सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती सर्वांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्टींनाच दिलं. नाव मात्र ‘व्हीटस्टन ब्रिज’ असंच चिकटलं.

मग चूक शिरते कुठून? आधी डोळ्यांतून. नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती तारेवरची जागा, वाचताना एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. तो पॉइंट ५० सेंटिमीटरला असेल तर उत्तरात सुमारे ०.४ टक्के फरक पडतो, १० ला असेल तर १.१ टक्के, ५ ला तर २ टक्क्यांहून जास्त. म्हणून बॉक्समधला रोध असा निवडावा की नल पॉइंट मध्याजवळ येईल. मला वाटतं, ही एकच सवय महागड्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

दुसरी चूक टोकांना लपलेली असते. तांब्याच्या पट्ट्या आणि डाखाचे सांधे यांचाही थोडा रोध असतो, पण मोजपट्टीवर तो दिसत नाही. हाच तो पासंग. समजा बॉक्समध्ये ५ ओहम आहेत आणि अज्ञात रोधाच्या बाजूची लांबी ५२.० सेंटिमीटर आली, तर उत्तर ५.४२ ओहम. आता दोन्ही रोधांच्या जागा बदलल्या आणि तीच लांबी ५१.४ भरली, तर उत्तर ५.२९. सरासरी लांबी ५१.७ धरली की ५.३५ ओहम मिळतात आणि टोकांचा दोष जवळजवळ पुसला जातो. सेलची टोकं उलटी जोडून पुन्हा वाचन घेतलं, तर सांध्यांतल्या तापमानाच्या फरकाने निर्माण होणारा बारीक विद्युतदाबही सरासरीत निघून जातो.

जॉकी मात्र तारेवर घासत नेऊ नये. टेकवावी, उचलावी, पुढे न्यावी. घासली की तार जागोजागी झिजते आणि सारख्या जाडीचं गृहीतकच मोडतं.

आणि नागपूरचा उन्हाळा! तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांच्या सकाळी ५ ओहम भरलेली तांब्याची गुंडाळी मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी जवळजवळ ५.५ भरेल. मोजणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं, रोधच खरोखर बदललेला असतो. रेझिस्टन्स बॉक्समधल्या गुंडाळ्या मँगॅनिन या मिश्रधातूच्या करतात त्या यासाठीच. तापमानाने त्याचा रोध फारच थोडा बदलतो. प्रवाहानेही गुंडाळी तापते, म्हणून कळ क्षणभरच दाबायची. वहीत ओहमच्या शेजारी त्या वेळचं तापमानही लिहायचं.