अनेकवचनाला ‘द’ चालत नाही? कोणी सांगितलं!

परवा म्हापशात भाचीच्या इंग्रजीच्या वहीत परत तेच बघितलं, ‘द मँगोज’ मधला ‘द’ लाल पेनाने खोडलेला. अनेकवचनापुढे ‘द’ येत नाही हे आपण शाळेपासून ऐकतोय पण ते चूक आहे हो, येत नाही तो ‘अ’ आणि ‘ॲन’, कारण त्यांचा अर्थच मुळात ‘एक’, आणि ‘द’ला एक-अनेकचं काही पडलेलं नसतं, त्याला फक्त कुठले ते ठाऊक असावं लागतं. ‘मँगोज आर स्वीट’ म्हणजे आंबे एकूणच गोड, ‘द मँगोज आर स्वीट’ म्हणजे शुक्रवारच्या बाजारातून आणलेले ते मानकुराद गोड निघाले. आणि ‘द वेस्टर्न घाट्स’, ‘द फिलिपिन्स’ यांना तर ‘द’ लागतोच. पोरीचं वाक्य बरोबर होतं.