बालआरोग्यसेवेतील रुग्ण-कुटुंब सहभाग : इंदूर

बालकांसाठीच्या आरोग्यसेवा कशा असाव्यात, पैसा कशावर खर्चावा, वॉर्डात कोणते नियम असावेत आणि चूक झाली तर जाब कोणी द्यावा, हे ठरवण्यात आजारी मूल व त्याचे आईवडील, आजीआजोबा यांना वाटा देणे म्हणजे रुग्ण-कुटुंब सहभाग होय. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, औषधे आणणे, रक्ताची सोय करणे ही कामे आपल्याकडची कुटुंबे पूर्वापार करीत आली आहेत; ती सेवा आहे, सहभाग नव्हे, आणि हा भेद या नोंदीत सर्वत्र पाळला आहे. इंदूरची स्वतंत्र दखल घेण्यास दोन कारणे आहेत. रोगी कल्याण समिती ही शासकीय रुग्णालयाचा पैसा व कारभार स्थानिक पातळीवर पाहणारी, पुढे देशभर पसरलेली व्यवस्था या शहरातून निघाली आणि औषध-चाचण्यांतील संमतीचा प्रश्नही इथूनच सर्वोच्च न्यायालयात गेला.

संकल्पना : आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य आहे, असे प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या अल्माआटा जाहीरनाम्याने (१९७८) म्हटले. त्याआधी १९६९ मध्ये शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक महिलेने नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या. त्यांतील खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त समजावले जाते, मधल्या पायऱ्यांवर विचारले जाते आणि निर्णयाचा अधिकार वरच्या पायऱ्यांवरच मिळतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये हीच मांडणी मुलांना लागू केली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील (१९८९) बारावे कलम मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याचे मत ऐकण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. रुग्णालयाच्या संदर्भात ब्रिटनमधील प्लॅट समितीचा अहवाल (१९५९) महत्त्वाचा मानतात. मुलांना भेटण्यावरील वेळेचे निर्बंध उठवावेत, ही त्या समितीची शिफारस पालकांच्या संघटनांनी चिकाटीने लावून धरली, म्हणून ती अमलात आली.

रोगी कल्याण समितीचा उगम : समितीचा जन्म महाराजा यशवंतराव रुग्णालयात झाला, याविषयी मतभेद नाही. इंदूरकर ज्याला नुसते ‘एमवाय’ म्हणतात ते हे सात मजली शासकीय रुग्णालय महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. धार, झाबुआ, आलिराजपूर, बडवानी, खरगोन इथले अत्यवस्थ मूल अखेर इथेच येते. उगमाचे वर्ष कोणी १९९४ देतात, कोणी १९९५. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. उंदरांनी भरलेले एमवाय साथीचे केंद्र होईल, ही धास्ती इंदुरात पसरली. तत्कालीन जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांच्या पुढाकाराने रुग्ण हलवून इमारत रिकामी करण्यात आली, उंदीर मारले, कचरा उपसला, दुरुस्त्या केल्या. खर्चाला नागरिकांनी हातभार लावला. मोहीम संपल्यावर इमारत पुन्हा तशीच होऊ नये म्हणून समिती स्थापन झाली. मोहीम आणि समितीची नोंदणी या दोन वेगळ्या घटना आहेत. वर्षांचा घोळ बहुधा यातूनच झाला असावा. साधारणपणे १९९४–९५ असा उल्लेख करणे सुरक्षित ठरते.

समिती का निघाली, यावर मात्र एकमत नाही. प्रशासकीय वृत्तान्त प्लेगची भीती आणि एका अधिकाऱ्याची धडाडी यांवर भर देतात. आर्थिक अंगाने पाहणारे अभ्यासक आणखी मागे जातात. १९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांत रुग्णशुल्काचा पुरस्कार केला आणि १९९१ नंतर राज्यांच्या तिजोऱ्यांवर ताण आला. अशा वेळी रुग्णालयाने आपला पैसा आपण उभारावा, या विचाराला समिती हे साधन मिळाले, असे त्यांचे म्हणणे. तिसरे मत विकेंद्रीकरणाचे आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्येच मध्य प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या आणि दिग्विजय सिंह यांच्या सरकारचा कल स्थानिक समित्यांकडे होता. प्लेग हे निमित्त होते हे खरे. पण समितीच्या अधिकारांत रुग्णशुल्क घेणे, देणग्या स्वीकारणे, आवारातील जागा व्यापारी वापरास देणे यांना जे स्थान मिळाले ते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शुल्क माफ होते. मिळालेला पैसा भोपाळच्या तिजोरीत न जाता रुग्णालयातच राहतो, ही त्या काळी मोठी सुधारणा होती आणि तिचे श्रेय नाकारता येणार नाही. औषधे, दुरुस्त्या, स्वच्छता यांसाठी पहिल्यांदाच हाताशी पैसा आला. मध्य प्रदेश शासनाने ही पद्धत राज्यभर नेली. २००० मध्ये तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने (१२ एप्रिल २००५) ती देशभर लागू केली. सुरुवातीच्या सूचनांनुसार जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला ५ लाख, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला १ लाख रुपये मिळत.

या इतिहासात एक उणीव राहते आणि संदर्भग्रंथ तिच्यावर थांबत नाहीत. समितीत लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर, देणगीदार यांना जागा होती; रुग्णाला, म्हणजेच बालविभागाच्या बाबतीत मुलाच्या आईबापाला, त्या नात्याने राखीव जागा मूळ रचनेत नव्हती. नावात रोगी आहे, सभेत तो नाही. आर्नस्टीनच्या मांडणीत ही व्यवस्था सल्लामसलतीच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही, असे म्हणावे लागते. रोगी कल्याण समितीला भारतातील रुग्णसहभागाचा आरंभ म्हणण्याची प्रथा आहे. तिला रुग्णालयाच्या स्थानिक कारभाराचा आरंभ म्हणणे अधिक योग्य होईल.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातील दोन बालकांना उंदीर चावल्याचे उघड झाले. दोन्ही बालके दगावली. मृत्यूचे कारण चावा की मूळचा आजार, यावर रुग्णालय आणि पालक यांच्या बाजू भिन्न राहिल्या. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तीस वर्षांपूर्वी समिती ज्या कारणासाठी जन्मली, तेच कारण एवढ्या दुःखद रीतीने पुन्हा समोर यावे, यातून एक प्रश्न उभा राहतो : त्या खोलीत रोज काय दिसते हे ज्यांना ठाऊक असते, त्या आया कोणत्या सभेत बोलतात?

नवजात कक्षातील कुटुंब : सहभागाचे सर्वांत ठोस रूप आज नवजात कक्षात दिसते. आजारी अर्भकाला काचेआड ठेवून आईला बाहेर बसवण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. एस्टोनियातील टालिन येथे डॉ. आदिक लेविन यांनी १९७९ पासून आयांना कक्षात घेतले. परिचारिका अपुऱ्या होत्या, हे त्यामागचे एक कारण सांगतात. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे यांनी बाळ उघड्या छातीशी धरण्याची पद्धत सुरू केली, तीही उबपेट्यांच्या टंचाईतून. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबसहभागी देखभालीचा प्रयोग केला. आईवडील आत आल्याने जंतुसंसर्ग वाढत नाही आणि स्तनपानाचे प्रमाण सुधारते, असे त्यांच्या चाचणीत आढळले. नॉर्वे-भारत भागीदारीच्या साहाय्याने ही पद्धत मध्य प्रदेशासह काही राज्यांत गेली. केंद्र सरकारची मार्गदर्शक पुस्तिका २०१७ ची आहे. ज्या मध्य प्रदेशात २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार अर्भकमृत्युदर हजारी ४३, म्हणजे देशात सर्वाधिक होता (देशाचा २८), तेथे या पद्धतीचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षात घडते ते असे. आई, वडील किंवा आजी यांपैकी एकाने चपला बाहेर काढायच्या, अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन चढवायचा. मग चित्रफीत आणि परिचारिकेचे मार्गदर्शन : बाळाला कसे हाताळावे, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने कसे पाजावे, छातीशी कसे बांधावे, धोक्याची लक्षणे कोणती, घरी गेल्यावर काय करावे. बांगड्यांपाशी बऱ्याचदा गाडी अडते. ओल्या बाळंतिणीचे हात मोकळे करायला मराठी घरातली सासू किंवा आजी सहजी तयार होत नाही. मनगटावरचा गंडादोरा सोडायला भिल्ल कुटुंबही कचरते. ‘नियम आहे’ एवढेच सांगितले की आजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. काचेच्या कडांत जंतू कसे राहतात हे दाखवले, तर तीच बांगड्या पदरात बांधून घेते आणि सुनेला आत पाठवते. कुटुंबाला कारण सांगणे आणि त्याची अडचण ऐकणे म्हणजे काय, हे या एका प्रसंगात कळते. मालिश, धुरी, काजळ, घुटी यांबाबतही आजीला अडाणी ठरवून काही साधत नाही. छातीशी बाळ धरायला तीच सर्वांत भरवशाची असते. तास तास हलत नाही.

चित्रफिती बहुधा हिंदीत असतात, तर झाबुआ-बडवानीकडच्या आया भिली, बारेली, निमाडी बोलतात. पुस्तिका कुटुंबाने काय शिकावे हे तपशिलाने सांगते. कक्ष कसा चालावा यावर कुटुंबाचे मत कोणी, कधी विचारावे, हे त्या मानाने थोडक्यात. सहभागाचा उगम टंचाईत असला की असे घडते. कुटुंबाचे हात आधी हवेसे होतात, त्याचे मत मागाहून. तरीही आई बाहेरच्या बाकावरून आत आली, हा बदल लहान नाही आणि तो मागे फिरू देता कामा नये.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘मुस्कान’ या केंद्रीय उपक्रमात बालविभाग, नवजात कक्ष व पोषण पुनर्वसन केंद्रे (तीव्र कुपोषित मुलांवर उपचार करणारी) यांचे मूल्यमापन होते आणि त्यात पालकांच्या समाधानाचाही विचार होतो. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला मुलासोबत साधारण दोन आठवडे राहावे लागते. बुडालेल्या मजुरीपोटी तिला भत्ता मिळतो, पण घरी ठेवलेल्या इतर मुलांचे काय, हा तिचा पहिला प्रश्न असतो. अर्ध्यावर केंद्र सोडून जाणाऱ्या आयांना निष्काळजी म्हणण्याआधी हे विचारले गेले पाहिजे.

संमती आणि औषध-चाचण्या : इंदुरातील काही डॉक्टरांनी केलेल्या औषध-चाचण्यांबाबत २०१० च्या सुमारास गंभीर आक्षेप पुढे आले, बालकांवरील चाचण्यांचाही त्यांत समावेश होता. आपण कशावर सही केली हेच पालकांना कळले नाही, हा आक्षेपांचा गाभा. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीच्या दृक्-श्राव्य चित्रणाचा आदेश दिला, त्याच वर्षी नुकसानभरपाईचे नियम आले आणि २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा-चाचणी नियमांत या तरतुदी एकत्र झाल्या. संमतीपत्र वाचून दाखवणे पुरेसे नाही, ते समजले की नाही हे पाहणे संशोधकाचे काम आहे, ही जाणीव या लढ्याने दिली. त्यात उतरलेली कुटुंबे बव्हंशी गरीब होती. देशातील प्रत्येक चाचणीवर परिणाम करणारे नियम त्यांच्या तक्रारीतून घडले. म्हणून सहभागाच्या इतिहासात हे प्रकरण समितीच्याही वर ठेवावे लागते.

पालकांचे गट : दीर्घकालीन आजारांत पालक संघटित होतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. थॅलसिमियाच्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याच त्या खाटांवर तीच कुटुंबे भेटत राहतात आणि ओळखीतून गट तयार होतो. रक्ताची तपासणी कशी व्हावी, शरीरातील जादा लोह काढणारे औषध कधी मिळावे, शाळा बुडू नये म्हणून रक्त कोणत्या वारी चढवावे, या मागण्या अशा गटांतूनच येतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांना हे अवघड जाते, कारण ती दूरच्या पाड्यांवर विखुरलेली असतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने तपासणीचा विस्तार केला. कुटुंबांना एकत्र आणण्याचे काम त्याहून मंद आहे.

खाजगी रुग्णालये : रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागांतील मराठी मध्यमवर्ग मुलांना बहुधा खाजगी बालरोगतज्ज्ञाकडेच नेतो. खाजगी रुग्णालये व शुश्रूषागृहे राज्याच्या १९७३ च्या कायद्याखाली नोंदवली जातात. तो कायदा नोंदणी व तपासणीपुरता आहे, रुग्ण किंवा पालक यांच्या समितीची त्यात तरतूद नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णाचे १७ हक्क दिले आहेत.

तक्रारीचे मार्ग : मुख्यमंत्री हेल्पलाइन (१८१) आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील मंगळवारची जनसुनवाई हे रुळलेले मार्ग होत. दोन्हींत तक्रार एकेका प्रकरणापुरती सुटते. शहरी वस्त्यांतील महिला आरोग्य समित्यांना लसीकरण व अंगणवाडीविषयी बोलता येते, परंतु मोठ्या रुग्णालयाच्या कारभारापर्यंत त्यांचा आवाज क्वचितच जातो.

मुलांचे स्वतःचे मत : या बाबतीत सामग्री फार थोडी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी अनुमती घ्यावी लागते. वॉर्डातील दिव्यांची वेळ, सुई टोचताना आई जवळ असणे, बुडणारी शाळा यांबद्दल दहा वर्षांच्या रुग्णाला विचारण्याचे असे बंधन दैनंदिन उपचारांत नाही.