समुदाय प्रतिष्ठानांचा निधी व अर्जप्रक्रिया (मराठवाडा)

ठरावीक भूभागातील अनेक दात्यांकडून निधी जमवून तो त्याच भूभागातील सेवाभावी संस्थांना प्रकल्पांसाठी देणारी कायमस्वरूपी विश्वस्त संस्था म्हणजे समुदाय प्रतिष्ठान. या काटेकोर व्याख्येत बसणारी प्रतिष्ठाने मराठवाड्यात दुर्मिळ आहेत. त्यांचे काम येथे उद्योजक घराण्यांचे न्यास, सहकारी बँकांचे धर्मादाय निधी, रोटरीसारखे क्लब आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा व जालना येथील कारखान्यांचे सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभाग करतात. अर्जाची रीत सर्वत्र जवळपास सारखीच असल्याने या नोंदीत त्यांचा एकत्र विचार केला आहे.

उगम : समुदाय प्रतिष्ठानाचा आजचा साचा सामान्यतः अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे फ्रेडरिक गॉफ याने १९१४ मध्ये स्थापलेल्या प्रतिष्ठानापासून धरला जातो. मृत दात्याने घातलेल्या अटी कालबाह्य झाल्या तरी निधी अडकून पडू नये, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात या नमुन्याची संस्था मुंबईत १९९१ च्या सुमारास उभी राहिली. दुसऱ्या मतानुसार मराठवाड्यातील परंपरा स्वतंत्र आहे : हरिनाम सप्ताहाची वर्गणी, देवस्थानांच्या इनाम जमिनी आणि पुढे पाणीपुरवठा योजनांतील लोकवर्गणी (स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाच्या १० टक्के) ही तिचीच रूपे. लोकवर्गणी कामापुरती जमते आणि कामाबरोबर संपते, कायम निधी मागे राहत नाही. त्यामुळे रचनेच्या दृष्टीने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. बाहेरच्या दात्यांशी करार, हप्ते, अहवाल या पद्धतीने व्यवहार करण्याची सवय मात्र येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मोठ्या प्रमाणावर रुजली. अंबाजोगाईच्या मानवलोकसारख्या (स्थापना १९८२) काही संस्था त्याआधीपासूनच काम करीत होत्या.

नोंदणी व जुने दाखले : महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली (किमान सात सभासद) नोंदलेली संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदली जाते व तिला ‘एफ’ क्रमांक मिळतो. निव्वळ धर्मादाय न्यासाचा क्रमांक ‘ई’ मालिकेत असतो. दोन्ही दाखल्यांवरील तारखा बहुधा वेगळ्या असतात. पॅन कार्डावर त्यांपैकी कोणती गेली आहे, हे अर्जापूर्वी पाहणे आवश्यक असते. छाननी करणारा कर्मचारी प्रथम हीच तारीख जुळवतो.

मराठवाड्यातील जुन्या संस्थांबाबत आणखी एक गुंता आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने काही शिक्षण व ग्रंथालय संस्था १३५० फसलीच्या (फसली ही निजामी राजवटीतील सरकारी कालगणना) हैदराबाद सार्वजनिक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आढळतात. मुंबई राज्यातील विलीनीकरणानंतरच्या काही वर्षांत वरील दोन्ही अधिनियम येथे लागू झाले व अशा संस्थांची पुन्हा नोंद झाली. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात सुरू होई. म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेरच्या तारखेत ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१ मिळवावे लागतात. १३५२ फसलीचा दाखला म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ यांमधील. सरसकट ५९० मिळवून स्थापनेचे वर्ष एकाने मागे दाखवल्याची उदाहरणे संस्थांच्या स्मरणिकांत भरपूर सापडतात. स्मरणिकेत ते खपते, पण ऑनलाइन अर्जात तीच चूक गेली की दाखला आणि अर्ज यांत विसंगती दिसते. उर्दू दाखल्याचे प्रमाणित मराठी वा इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेले बरे.

२०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली. जुन्या नावाचे दाखले त्यामुळे बाद होत नाहीत, परंतु बँक खाते, पॅन आणि नोंदणी यांवरील पत्ते वेगवेगळे दिसतात. लेटरहेडवर एका ओळीचा खुलासा देणे सोयीचे ठरते.

बदल अर्ज : निधीचा अर्ज अडकण्याचे सर्वांत मोठे कारण. विश्वस्त बदलल्यावर १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, बोलीभाषेत ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदीवर) नावे चढेपर्यंत अभिलेखात जुनेच विश्वस्त राहतात. नवा अध्यक्ष प्रस्तावावर सही करतो, परिशिष्टावर मात्र कधी दिवंगत झालेल्या गृहस्थांचेही नाव असते. दाते अशा संस्थेशी करार करीत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीने बदलास तात्पुरती मान्यता देण्याची सोय झाली आहे. तो आदेश नसल्यास दाखल अर्जाची पोच, निवडणुकीच्या सभेचे इतिवृत्त आणि मावळत्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडतात. काही दाते एवढ्यावर समाधानी होतात, कंपन्या सहसा होत नाहीत. विश्वस्तांत दोन गट पडून दोन परस्परविरोधी बदल अर्ज दाखल असतील, तर निकाल लागेपर्यंत निधी मागण्यात अर्थ नाही.

उद्देशांचाही प्रश्न असतो. संस्थेच्या घटनेत केवळ शिक्षण असेल आणि प्रस्ताव नाला खोलीकरणाचा असेल, तर तो उद्देशाबाहेर ठरतो. १८६० च्या अधिनियमाखालील उद्देशबदलास एका महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि प्रत्येक वेळी तीन-पंचमांश मते लागतात, म्हणजे जाहिरात पाहून हे काम सुरू केल्यास मुदत निघून जाते.

आयकर व इतर कागद : १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (दात्याला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्यांना २०२१ पासून मुदत असते : तात्पुरती तीन वर्षे, नियमित पाच वर्षे. लहान संस्थांच्या १२एबी नोंदणीला २०२५ पासून दहा वर्षांची सवलत आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. आयकर अधिनियम २०२५ मुळे कलमांचे क्रमांक बदलले, तरी दात्यांच्या अर्जनमुन्यांत जुनेच क्रमांक रूढ आहेत. याखेरीज तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल (परिशिष्ट ८ व ९, म्हणजे ताळेबंद व जमाखर्च), नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या संकेतस्थळावरील दर्पण क्रमांक आणि कंपनीकडे अर्ज असल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी लागते.

दाता स्वतः न्यास असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून त्याने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच त्याचा खर्च म्हणून धरला जातो, आणि कायम निधीसाठी दिलेली रक्कम मुळीच धरली जात नाही. म्हणून न्यासाकडे ‘कॉर्पस’, म्हणजे कायम निधी, मागणारा अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत मागे पडतो.

प्रस्ताव व अंदाजपत्रक : प्रथम दोन पानी संकल्पना टिपण, ते पसंत पडल्यास सविस्तर प्रस्ताव, नंतर स्थळभेट, अशी पद्धत आहे. टिपणात जिल्ह्याची आकडेवारी कमी आणि निवडलेल्या गावांची अधिक असावी. ‘मराठवाडा हा दुष्काळी भाग आहे’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असते. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

अंदाजपत्रकातील नेहमीची चूक बेरजेत नसते, हप्त्यांत असते. समजा १२ गावांतील किशोरींच्या आरोग्यासाठी वर्षाचा ५,००,००० रुपयांचा प्रकल्प आहे : दोन कार्यकर्त्यांचे मानधन दरमहा प्रत्येकी ११,००० प्रमाणे २,६४,०००, प्रवास दरमहा ५,००० प्रमाणे ६०,०००, प्रत्येकी ४,५०० ची २४ शिबिरे, १,०८,०००, आरंभीच खरेदी करायचे साहित्य ४८,०००, हिशेब व लेखापरीक्षण २०,०००. दात्याने ४०-४०-२० टक्के हप्ते आणि सहामाही अहवालानंतर दुसरा हप्ता असे ठरवले, तर पहिले २,००,००० हातात येतात. सहा महिन्यांचे मानधन व प्रवास १,६२,००० आणि साहित्य ४८,००० मिळून २,१०,००० होतात, म्हणजे एकही शिबिर न घेता हप्ता अपुरा पडतो. संस्था मग दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून उसने घेते आणि लेखापरीक्षणात दोन्ही प्रकल्प अडचणीत येतात. ५०-३०-२० अशी मागणी केल्यास त्याच काळात आठ शिबिरांची सोय होते. ही मागणी करारापूर्वी करायची असते. नंतर ती क्वचितच मान्य होते.

‘किरकोळ’ व ‘इतर’ या शीर्षांखालील रक्कम छाननीत सर्वप्रथम कापली जाते. खरेदीसाठी तीन दरपत्रके मागतात. ती तिन्ही एकाच मजकुराची, एकाच टंकातील असली की संशय येतो.

हंगाम : दसऱ्यानंतर बीड आणि लगतच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे जातात व मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. या काळात ठेवलेली पायाभूत पाहणी निम्म्या बंद घरांवर थांबते. मातीकाम जूनपूर्वी संपावे लागते, त्यामुळे मार्चअखेर मिळालेल्या निधीवर जलसंधारणाचा प्रस्ताव एकाच उन्हाळ्यात बसवणे जोखमीचे. गायरानावर बांधकाम सुचवताना ग्रामसभेचा ठराव पुरेसा नसतो, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. संस्थेच्या वा ग्रामपंचायतीच्या जागेचा सातबारा किंवा आठ-अ चा उतारा प्रस्तावासोबतच द्यावा.

करार व हिशेब : मंजुरीनंतर करारावर सही करण्याचा अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव लागतो. त्याची तारीख करारापूर्वीची हवी. उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाचे व त्यावर १८ अंकी यूडीआयएन (प्रमाणपत्राची सत्यता तपासण्याचा ओळख क्रमांक) असलेले असावे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात अमान्य होतो. आठवडी बाजारातील खरेदी आणि मंडपवाल्याची बिले येथेच अडकतात. एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायची असल्यास खर्चापूर्वी लेखी संमती घेतात. उरलेली रक्कम परत करावी की मुदत वाढवून मागावी, हे करारातील कलमावर अवलंबून असते.

विदेशी अंशदान अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पूर्वी मोठ्या संस्थांमार्फत तालुक्यातील लहान संस्थांपर्यंत येणारा हा ओघ त्यामुळे बंद झाला.