उन्हाळी लागलीय, एवढंच

मार्च संपत आला होता. पुण्यात हिंजवडीकडे एका बांधकामाच्या सातव्या मजल्यावर उभी होते. दुपारी बाराच्या सुमारास जालन्याकडची एक बिगारीण डोक्यावरची घमेली उतरवून पाण्याच्या ड्रमपाशी आली. पाणी तोंडात घेतलं, घोळवलं आणि थुंकून टाकलं. गिळलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पिलं की जावं लागतं ताई. जावं कुठं?" लघवीला जळजळ होते का, यावर म्हणाली, "उन्हाळी लागलीय, एवढंच."

उन्हाळी हा आपल्याकडचा फार नेमका शब्द. ऊन, कमी पडलेलं पाणी आणि लघवीची आग यांचं नातं आपल्या आज्या-पणज्यांनी त्यात बांधून ठेवलं आहे. सब्जाचं किंवा धण्या-जिऱ्याचं पाणी पिऊन दोन दिवसांत बरी होणारी उन्हाळी वेगळी. रोज आठ-दहा तास उन्हात राबणाऱ्या बाईला वर्षामागून वर्षं लागणारी उन्हाळी वेगळी. तिची काळजी वाटते ती मूत्रपिंडांमुळे.

अंगमेहनतीत स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातली जेमतेम पाव प्रत्यक्ष कामाला लागते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती बाहेर टाकायची तर घाम यावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तरच! मुंबईच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. म्हणजे पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र निवत नाही. जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो.

शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो; आता त्यात कपात होते. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाण्याचा थेंब न् थेंब राखू लागतात. लघवी थोडी, गडद आणि दाट होते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू लवकर वर चढतात. त्यांना धुऊन काढणारी धारच कमी झाली, की संसर्गाला मोकळं रान मिळतं.

त्यात भर पडते गोळ्यांची. अंग ठणकतं म्हणून संध्याकाळी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली जाते. शरीरात पाणी कमी असताना प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवत असतात आणि या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं रोखतात. एवढी एक गोष्ट प्रत्येक मजूर नाक्यावर कुणीतरी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कारण मूत्रपिंड दुखून खुपून काही सांगत नाही. मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात साचणारं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्यही जवळजवळ अर्धी क्षमता जाईपर्यंत अनेकदा फारसं वाढलेलं दिसत नाही.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांतल्या ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं दोन दशकांपूर्वीच लक्षात आलं. कारणांवर अजून वाद आहे, पण उष्णता आणि वारंवार पाणी कमी पडणं याकडे प्रामुख्याने बोट दाखवलं जातं. आखाती देशांत राबून परतलेल्या नेपाळी तरुणांमध्येही असेच रुग्ण आढळले आहेत.

स्थलांतरित मजुरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं. काही आठवडे काम सुटलं की ही सवयही मोडते. होळीला, लग्नाला गावी जाऊन परतलेला गवंडी पहिल्याच दिवशी स्लॅबवर उभा राहतो, तेव्हा जुना कामगार असूनही त्याचं शरीर नवखं असतं. अमेरिकेत उन्हामुळे कामावर झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी झालेले दिसतात. म्हणून तिथली शिफारस अशी की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या फक्त २० टक्के वेळ उन्हात काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. परतलेल्याने निम्म्यापासून सुरुवात करावी. आपल्याकडे तो गावाहून आलेला असतो उचल फेडायला.

रात्री निवायला मिळालं तर शरीर बरंचसं सावरतं. पण झोपायची खोली पत्र्याची, आणि बिनखिडकीच्या त्या खोलीत पाच-सहा माणसं.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ सालच्या कायद्यातच पिण्याचं पाणी आणि पुरेशी स्वच्छतागृहं लिहिलेली होती. पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, इतक्या बारकाईने. त्या साइटवरही संडास होता. सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरायचं, दुसऱ्या इमारतीच्या मागे जायचं, परत चढायचं. जाऊन यायला वीस मिनिटं. दिवसातून तीनदा गेलं तर तासभर बुडतो, आणि मुकादम तो तास मोजतो.