उखाण्याआधीची धडधड आणि उखाण्यानंतरचा थकवा

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. नौपाड्यातलं जुन्या इमारतीतलं घर, दहा बाय बाराच्या बाहेरच्या खोलीत अठरा बायका. अत्तर, गुलाबपाणी, आतून मसालेदुधाचा वास, खाली रिक्षांचे हॉर्न. मी आणि माझी मावसबहीण शेजारी शेजारी बसलो होतो. तिला उखाणा घ्यायला सांगितलं आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. पाठ केलेल्या दोन ओळींतली एकही तोंडातून फुटेना. माझी पाळी आली तेव्हा मी खणखणीत उखाणा घेतला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग वाण लुटलं गेलं, बश्या फिरल्या, गप्पा सुरू झाल्या. पंधरा मिनिटांनी बहीण स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून दोघीतिघींबरोबर खळखळून हसत होती आणि मी जिन्यात, गार भिंतीला कपाळ टेकून उभी होते.

घरात आम्हा दोघींना लहानपणापासून एकच शब्द मिळाला होता, भिडस्त. माझ्या वाट्याला पुढे घुमी, शिष्ट आणि माणूसघाणीही आले. तिला तिशीत सामाजिक चिंता विकाराचं, म्हणजे सोशल अँग्झायटीचं निदान झालं. मलाही आधी तेच सांगितलं गेलं. मी ऑटिस्टिक (मराठीत रूढ शब्द 'स्वमग्न') आहे हे कळायला एकोणचाळीसावं वर्ष उजाडलं. बाहेरून दोघी सारख्याच दिसत होतो: समारंभ टाळणाऱ्या, फोन वाजला की दचकणाऱ्या, डोळ्याला डोळा न देणाऱ्या. म्हणून हे दोन्ही शेजारी ठेवून सांगावंसं वाटतं.

सामाजिक चिंतेच्या मुळाशी भीती असते. लोक आपल्याला जोखताहेत, आपलं काहीतरी चुकेल, हसं होईल, ही भीती. कसं बोलायचं हे त्या माणसाला आतून ठाऊक असतं, पण भीती वाट अडवते. म्हणूनच चार ओळखीच्या बायकांत, कुणी रोखून बघत नसताना, माझ्या बहिणीचं बोलणं झऱ्यासारखं वाहू लागतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली या त्रासाला 'सोशल फोबिया' म्हणून स्वतंत्र जागा मिळाली. त्यावर उपचार आहेत आणि ते लागूही पडतात. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी, गरज पडल्यास औषध, आणि ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जाणं. तिला दीड वर्षात फरक पडला. यंदा तिनं उखाणा घेतला, तोही स्वतः रचलेला.

माझं गणित उलटं होतं. उखाण्यात सगळं ठरलेलं असतं. पाळी कधी येणार, ओळी किती, यमक कुठे, नाव कुठे आणि ऐकणाऱ्या बायका त्यावर काय करणार, हेसुद्धा. त्यात मला भीती कसली? गप्पांत मात्र काहीच ठरलेलं नसतं. समोरची थांबली ती बोलणं संपलं म्हणून की श्वास घ्यायला? 'अगं बस की, एवढ्यात काय निघालीस' हा आग्रह खरा की नुसती रीत? इतरांना हे आपोआप उमगतं. मी मात्र प्रत्येक वाक्य आधी मनात मांडते, तपासते आणि मग बोलते. त्याच वेळी अठरा आवाज, अत्तर, हॉर्न आणि ट्यूबलाइटची गुणगुण हे सगळं सारख्याच जोरानं आत येत असतं, कुठलंच मागे सरत नाही.

डोळ्यांचंही तसंच. समोरच्याच्या नजरेत नापसंती दिसेल या धास्तीनं बहीण नजर चुकवायची. मी चुकवते, कारण डोळ्यांत बघत राहिले तर ऐकू येत नाही. आवाज येतो, अर्थ लागत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभराचं बोलणं उगाळत बसणं, हेही आम्हा दोघींचं सारखंच. पण तिचा प्रश्न असायचा, 'त्यांना मी मूर्ख वाटले असेन का?' आणि माझा असायचा, 'ते बघू म्हणाले, म्हणजे हो की नाही?' तिला निवाड्याची भीती होती. मला अर्थच लागत नव्हता. समुपदेशकानं त्या वेळी एवढा एक प्रश्न नीट उलगडला असता, तर माझी सहा वर्षं वाचली असती.

ती सहा वर्षं कशी गेली तेही सांगते. सामाजिक चिंता गृहीत धरून मला सराव दिला गेला. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहायचं, अनोळखी माणसाला वेळ विचारायची, रोज पाच मिनिटं वाढवायची. वेळ विचारणं मला पहिल्याच दिवशी जमलं, कारण ते एक ठरलेलं वाक्य होतं. पुलावरचा गोंगाट मात्र पन्नासाव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच अंगावर आला. भीती सरावानं बोथट होते. कानांवर, कातडीवर आदळणारा मारा तसा बोथट होईलच असं नाही. मी घरी येऊन अंधारात पडून राहायचे आणि वहीत 'प्रयत्न कमी पडला' असं लिहायचे. ती वही आजही माझ्याकडे आहे. ते वाक्य वाचलं की त्या मुलीसाठी पोटात तुटतं.

डॉक्टरकडे जायलाच मुळात उशीर झाला होता. ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे आणि त्यामुळे आमच्या गावाचं नावच एक टोमणा होऊन बसलं आहे. 'हिला ठाण्याला न्या' हे ठाण्यातच राहून ऐकत मोठं झालेलं माणूस अशा दवाखान्याची पायरी सहजासहजी चढत नाही.

फरक ओळखायची एक भक्कम खूण म्हणजे बालपण. सामाजिक चिंता बहुधा किशोरवयात डोकं वर काढते. ऑटिझम जन्मापासूनचा असतो, कुणाच्या लक्षात येवो वा न येवो. माझ्या मूल्यमापनात म्हणूनच आईला बोलावलं होतं. फ्रॉकच्या मानेजवळची चिठ्ठी आधी कापायला लागायची, वरणाला फोडणी दिलेली चालायची नाही, पाहुण्यांना मी सीएसटी ते कल्याण सगळी स्टेशनं क्रमानं म्हणून दाखवायचे आणि मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, हे ती कौतुकानं सांगत होती. सांगता सांगताच ती थबकली.

एवढी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही, असं लोक विचारतात. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन केलं आणि ऑटिझम म्हणजे लहान मुलांचं, तेही बहुतेक मुलग्यांचं काहीतरी, अशी समजूत पुढे बरीच वर्षं टिकली. २०१३ सालच्या निदानपुस्तिकेनं आधीचे वेगवेगळे प्रकार एका वर्णपटात आणले आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांबाबतची वेगळी संवेदनशीलता निकषांत घेतली. खुणा लहानपणापासून असल्या तरी शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली त्या पुढे झाकल्या जाऊ शकतात, हेही त्यात नमूद आहे. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. या झाकण्याला मास्किंग म्हणतात. मी मैत्रिणीचं हसणं उचललं होतं, शाळेतल्या बाईंचे हातवारे उचलले होते.

'स्वमग्न' हा शब्दही आड येतो. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून 'ऑटिझम' आला आणि त्याला मराठी प्रतिशब्द म्हणून हा. पण तो ऐकून माणूस स्वतःतच रमलेला आहे, त्याला इतरांचं काही पडलेलं नाही, असं वाटतं. मला तर इतरांचं इतकं पडलेलं होतं की त्यापायी दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून मी सरळ 'ऑटिस्टिक' म्हणते.

दोन्ही एकाच माणसात असू शकतं, हेही सांगायला हवं. लहानपणापासून 'असं काय विचारतेस', 'जरा माणसात वाग' ऐकत वाढलेल्या ऑटिस्टिक मुलाला पुढे माणसांची भीती बसली तर त्यात नवल नाही. अशा वेळी भीतीवर उपचार करावेतच, फक्त ती गेल्यावर खाली राहतं त्याला आजार समजून खरवडत बसू नये. कायद्यातही दोन्हींची जागा वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझमचं नाव थेट आहे, सामाजिक चिंतेचं तसं नाही.

आता सोबतीबद्दल. बहिणीला हवा होता तो सराव, सगळ्या तऱ्हेच्या माणसांत. मला हवी होती माझ्यासारखी माणसं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांत जे बिनसतं, ते दोन्हीकडून बिनसतं. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. २०२० सालच्या एका अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून, कानगोष्टींच्या खेळासारखी, एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. जास्त गळाली ती मिश्र साखळीत. हे वाचून मी रडले. मला बोलता येत होतं तर!

आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा भेटतो. तलावपाळीला गर्दी असते म्हणून उपवनच्या तळ्याकाठी, सकाळी साडेसहाला. किती वेळ थांबायचं ते आधी ठरतं, मधेच उठून गेलेल्याला कुणी कारण विचारत नाही आणि कुणी तासभर गप्प बसलं तरी तो आला होता असंच धरलं जातं. एकदा ट्रान्स हार्बर लोकलनं नेरूळला गेलो होतो. आमच्यातल्या एकाला ठाणे खाडीतले रोहित पक्षी आणि भरती-ओहोटीची वेळापत्रकं तोंडपाठ आहेत. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरतीचं पाणी चढलं की उडून नेरूळच्या तळ्यावर येतात. तो पाऊण तास सांगत होता. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी विषय बदलला नाही. सगळे पाण्याकडे बघत ऐकत होते, एकमेकांच्या डोळ्यांत कुणीही बघत नव्हतं. घरी आले तेव्हा पाय दुखत होते. डोकं मात्र हलकं होतं, मोठ्या वयात पहिल्यांदाच.

हळदीकुंकवाला मी अजूनही जाते. आता चार वाजता, इतर बायका यायच्या आत. वाण घेते, हौसेनं उखाणा घेते आणि वीस मिनिटांत निघते. यजमानीणबाईंना कारण सांगितलं आहे, त्या आग्रह करत नाहीत. बहीण सातला जाते आणि शेवटपर्यंत थांबते. मग साडेनऊला तिचा फोन येतो, कोण काय बोललं ते सगळं इत्थंभूत सांगायला. मी दिवा मालवून, पडल्या पडल्या ऐकते, आणि कळलं नाही तिथे तिला थांबवून विचारते.