शुल्क परतावा आणि निधीवापसी: अमेरिकेत सत्राच्या मध्यात कॉलेज सोडताना होणारे दोन वेगळे हिशेब

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे दोन पत्रे ठेवली आणि विचारले, "यांतले खरे कोणते?" दोन्ही पत्रे त्यांच्या मुलीच्या नावे, एकाच कॉलेजकडून आणि एकाच आठवड्यात आलेली होती. आर्थिक मदत कार्यालयाच्या पत्रात लिहिले होते की मुलीने सत्र सोडल्यामुळे तिच्या नावावरचे सरकारी कर्ज पूर्ण परत करण्यात आले आहे. बर्सरच्या, म्हणजे शुल्क जमा करणाऱ्या कार्यालयाच्या पत्रात मात्र तिच्याकडे ३,००० डॉलरची थकबाकी असल्याचे आणि ती ताबडतोब भरायची असल्याचे म्हटले होते. एकीकडे कर्ज फिटल्याची वार्ता आणि दुसरीकडे नवे देणे, असा तो पेच होता. पत्रे दोन्ही खरी होती, कारण ती दोन निरनिराळ्या हिशेबांतून निघाली होती.

त्या हिशेबांपैकी एकाला तिथे ‘रिफंड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘रिटर्न’. मराठीत आपण दोन्हींना सहज परतावाच म्हणतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. या लेखापुरते पहिल्याला शुल्क परतावा आणि दुसऱ्याला निधीवापसी म्हणू. शुल्क परतावा म्हणजे विद्यार्थी निघून गेल्यावर कॉलेजने आकारलेल्या शुल्कातून काय कमी करायचे याचा कॉलेजचा स्वतःचा नियम. निधीवापसी म्हणजे केंद्र सरकारने त्या सत्रासाठी दिलेल्या मदतीतला न कमावलेला भाग सरकारकडे परत पाठवणे. हा नियम १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील मदतीला, म्हणजे ज्याला सगळे ‘टायटल फोर’ म्हणतात त्या पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे, सहसा परत न करायचे अनुदान), डायरेक्ट लोन (सरकारी शैक्षणिक कर्ज) वगैरेंना लागू होतो. तो आजच्या स्वरूपात आला तो १९९८ च्या दुरुस्तीतून. वर्क-स्टडीची, म्हणजे कॅम्पसवर काम करून मिळवलेली मजुरी या हिशेबात धरत नाहीत.

ही मदत वाटणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपले परतावा धोरण, निधीवापसीच्या नियमांचा सारांश आणि कॉलेज सोडण्याची कार्यपद्धती विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणूनच बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर ‘कन्झ्युमर इन्फर्मेशन’ नावाचे एक पान असते, आणि त्यावर खर्चाचे अंदाज, मदतीचे नियम व गोपनीयतेचे हक्क एकत्र दिलेले असतात. मात्र हा केंद्रीय कायदा शुल्क परताव्याचे धोरण जाहीर करायला लावतो, ते उदार असावे असे सांगत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये टप्पेच ठरवून दिले होते: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर १०० टक्के, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९०, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांपर्यंत ५० आणि पुढे शून्य. अमेरिकेत सर्व कॉलेजांना बांधणारे असे एकच केंद्रीय कोष्टक नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी खासगी व्यावसायिक संस्थांसाठी नियम केले आहेत. एरवी आपले कोष्टक कॉलेजच ठरवते. पहिल्या आठवड्यात पूर्ण रक्कम, मग झपाट्याने कमी होत चौथ्या-पाचव्या आठवड्यात शून्य, अशी रचना सर्रास दिसते.

निधीवापसीचा हिशेब मात्र देशभर एकाच पद्धतीने, दिवसांच्या मोजणीवर होतो. विद्यार्थ्याने सत्रातले जितके टक्के दिवस पूर्ण केले, तितके टक्के मदत त्याने कमावली असे मानतात. ६० टक्क्यांहून अधिक सत्र पूर्ण झाले की सगळी मदत कमावली गेली असे धरतात आणि वापसीचा प्रश्न उरत नाही. मोजणी तासिकांची नव्हे, कॅलेंडरच्या दिवसांची असते, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात येतात. मात्र सलग ५ किंवा त्याहून अधिक दिवसांची नियोजित सुट्टी वगळली जाते. त्यामुळे शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपणारी वसंत ऋतूतली ९ दिवसांची सुट्टी मोजणीतून जाते. थँक्सगिव्हिंगची गुरुवार ते रविवार अशी ४ दिवसांची सुट्टी मोजणीत राहते, पण त्याच कॉलेजने बुधवारही सुट्टीचा दिला असेल तर तीसुद्धा वगळावी लागते. अशा एका बुधवारामुळे विद्यार्थी ६० टक्क्यांच्या या बाजूला की त्या बाजूला, हे ठरू शकते.

आता त्या दोन पत्रांचा हिशेब मांडतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. सत्र ११० दिवसांचे होते. मुलगी घरूनच ये-जा करत असल्याने कॉलेजचे शुल्क तेवढे ५,००० डॉलर होते. तिला ३,००० डॉलर पेल ग्रँट आणि २,७५० डॉलर कर्ज, अशी ५,७५० डॉलरची सरकारी मदत मिळाली होती. शुल्क वळते झाल्यावर उरलेले ७५० डॉलर कॉलेजने तिच्या खात्यात जमा केले होते आणि ते पुस्तके व बसच्या पासवर खर्च झाले होते. प्रकृतीच्या कारणाने तिने ४४ व्या दिवशी सत्र सोडले, म्हणजे ४० टक्के पूर्ण केले. म्हणून तिची कमावलेली मदत ठरली २,३०० डॉलर आणि न कमावलेली ३,४५०.

हे ३,४५० डॉलर कोणी परत करायचे? नियमाप्रमाणे कॉलेजचा वाटा काढताना कॉलेजने मुळात आकारलेल्या शुल्काला न कमावलेल्या टक्केवारीने गुणतात. इथे ५,००० चे ६० टक्के, म्हणजे ३,००० डॉलर. आणि ही रक्कम व एकूण न कमावलेली मदत यांतली जी लहान, ती कॉलेज परत करते. परत करण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी कर्जे, मग ग्रँट. त्यामुळे कॉलेजने २,७५० डॉलर पाठवून कर्ज शून्यावर आणले आणि उरलेले २५० पेल ग्रँटमध्ये परत केले. विद्यार्थिनीच्या वाट्याला ४५० डॉलर राहिले, तेही ग्रँटचे. पण मिळालेल्या ग्रँटच्या निम्म्यापर्यंतची रक्कम विद्यार्थ्याकडून परत मागू नये अशी तरतूद असल्याने तिला तेवढे माफ झाले. पहिले पत्र येथे पूर्ण होते, आणि त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

मात्र कॉलेजच्या परतावा कोष्टकात सातव्या आठवड्याला शून्य लिहिले होते. शुल्क ५,००० चे ५,०००च राहिले आणि ते ज्या पैशांतून भरले होते त्यांतले ३,००० डॉलर कॉलेजने सरकारकडे पाठवून दिले. तेवढा खड्डा तिच्या खात्यात पडला, आणि दुसरे पत्र त्याचेच होते. ‘कॉलेजने पैसे परत केले’ हे ऐकून आईवडिलांना हायसे वाटते. पण ते पैसे घरी आलेले नसतात, ते शुल्काच्या खात्यातून निघून सरकारी तिजोरीत गेलेले असतात. शुल्क परताव्याने देणे कमी होते. निधीवापसीने शुल्क तसेच राहते आणि ते भरणारी रक्कम मात्र नाहीशी होते. दोन्ही कोष्टके एकाच गतीने उतरत असती, तर फारसा प्रश्न आला नसता. कॉलेजचे कोष्टक महिनाभरात शून्यावर येते आणि सरकारची मोजणी ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ आठवडे चालू राहते. या दोहोंमधला काळ विद्यार्थ्यासाठी सर्वांत महाग असतो. हीच मुलगी ६७ व्या दिवशी बाहेर पडली असती तर तिच्याकडे कॉलेजची एक डॉलरही थकबाकी निघाली नसती. कर्ज तेवढे तिच्या नावावर राहिले असते. आजारी मुलीला तेवीस दिवस थांब म्हणणे नेहमी शक्य नसते, हे मला ठाऊक आहे. पण हा आकडा सही करण्यापूर्वी तिच्यासमोर असायला हवा होता.

तारखेबाबतही दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळतीलच असे नाही. शुल्क परताव्यासाठी बहुधा रजिस्ट्रारकडे अर्ज पोहोचल्याचा दिवस धरला जातो. निधीवापसीसाठी, हजेरी घेणे बंधनकारक नसलेल्या कॉलेजांत, विद्यार्थ्याने सोडण्याची प्रक्रिया सुरू केल्याचा किंवा नेमून दिलेल्या कार्यालयाला आपला इरादा कळवल्याचा दिवस धरतात. हे कळवणे तोंडी असले तरी चालते. सर्वांत वाईट स्थिती न सांगता वर्गाला जाणे बंद करणाऱ्याची होते. सत्राअखेर सगळ्या विषयांत नापास दिसले की मदत कार्यालय चौकशी करते, आणि दुसरी नोंद सापडली नाही तर त्याने सत्राच्या मध्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर सोडले असे धरते. शुल्क परताव्याची मुदत तर केव्हाच टळलेली असते. गप्प राहिल्याने प्रकरण मिटेल असे वाटणाऱ्या मुलाच्या हाती ऐन जानेवारीत बिल पडते ते असे.

‘रिफंड’ हा शब्द कॉलेजच्या रोजच्या बोलण्यात आणखी एका अर्थाने येतो. शुल्क वळते करून उरलेली मदत विद्यार्थ्याला देणे, यालाही तिथे रिफंडच म्हणतात. वरच्या उदाहरणातले ७५० डॉलर ते हेच. शिल्लक तयार झाल्यापासून साधारणपणे १४ दिवसांत ती देणे कॉलेजवर बंधनकारक आहे. ‘माझा रिफंड आला’ असे मुलगी सप्टेंबरात सांगते तेव्हा त्या पैशांत कर्जाचाही भाग असू शकतो, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे.

चार विषयांपैकी एक सोडणे आणि सगळे सोडणे यांतही फरक आहे. एखादा विषय सोडल्याने निधीवापसीचा हिशेब सहसा सुरू होत नाही. तो सत्र पूर्ण सोडल्यावरच होतो. तरीही शुल्क परतावा त्या विषयापुरता लागू होऊ शकतो, आणि कॉलेजने ठरवलेल्या तारखेच्या आत विषय कमी झाले तर पेल ग्रँटची रक्कम नव्याने ठरते. शिवाय सोडलेले विषय ‘प्रयत्न केलेले’ म्हणून शैक्षणिक प्रगतीच्या मोजणीत राहतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची मदत धोक्यात येऊ शकते.

पुण्याहून किंवा नागपूरहून एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला ही सरकारी मदत मिळतच नाही, म्हणून त्याच्यापुरता निधीवापसीचा विषय संपतो आणि कॉलेजचे कोष्टक तेवढे उरते. त्याने मात्र अर्ज भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील नियुक्त अधिकाऱ्याला भेटलेच पाहिजे, कारण त्याच्या परवानगीने सत्र सोडले तर देश सोडायला १५ दिवस मिळतात आणि परवानगी न घेता सोडले तर तेही मिळत नाहीत.

त्या गृहस्थांची दुसरी तक्रार अशी होती की त्यांनी फोन केला तेव्हा कोणत्याच कार्यालयाने त्यांना काही सांगितले नाही. १९७४ च्या गोपनीयता कायद्यानुसार, ज्याला तिथे फर्पा म्हणतात, विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. तो १७ वर्षांचा असला तरीही. करविवरणात मूल अवलंबून दाखवलेले असेल तर कॉलेज पालकांना माहिती देऊ शकते, पण द्यायलाच हवी असे नाही. बिल भरण्यासाठी मुलीने वडिलांना दिलेला लॉगिन हा मदतीच्या नोंदी पाहण्याचा अधिकार नव्हे. त्यासाठी तिची स्वतंत्र लेखी संमती लागते. ते वर्षभर बिल भरत आले होते, त्यामुळे हा नकार त्यांना फार लागला. पण फोनवरचा कर्मचारी कायद्याप्रमाणेच वागला होता.

मुलगी त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत होती. तिला बोलावून आम्ही कॉलेजचे ते ग्राहक माहितीचे पान उघडले. अशा माहितीसाठी मदत करणारी व्यक्ती नेमणे कॉलेजला बंधनकारक असते, आणि तिथे तो दूरध्वनी क्रमांक होताच. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन केला, निधीवापसीचा हिशेबाचा कागद मागून घेतला, त्यातली सुट्टी बरोबर वगळली आहे ना हे दिनदर्शिकेशी ताडून पाहिले आणि मग बर्सरच्या कार्यालयाकडून ३,००० डॉलर सहा हप्त्यांत भरण्याची मुभा लेखी घेतली. संमतीच्या फॉर्मवर वडिलांचे नाव तिने त्याच दिवशी लिहिले.