नदीच्या तळाचे किडे आम्ही का मोजतो?
सांडपाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्यांसाठी माहितीपत्रक

आमची माणसं जाळी आणि पांढरे ट्रे घेऊन नदीत उतरली की एक प्रश्न हमखास येतो : पाण्याच्या बाटल्या तर भरून नेल्याच, मग हे किडे कशाला?

बाटलीत येतं ते त्या घटकेचं पाणी. सामू, बीओडी आणि सीओडी (घाण कुजवायला किंवा रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो याची मापं), धातू यांचे आकडे त्यातून मिळतात आणि ते हवेतच. पण पंधरा दिवसांपूर्वी रात्री टाकीतून आम्ल सांडलं असेल, तर ते पाणी केव्हाच वाहून गेलं. दगडांना चिकटून राहणारे जीव तिथंच होते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय हे असे कीटक, ज्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की पंख फुटून बाहेर पडतात. मेफ्लायची पिल्लं, जात आणि पाण्याचं तापमान यांनुसार, काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत पाण्यात काढतात. स्टोनफ्लायच्या काही जातींना दोन-तीन वर्षंही लागतात. तेवढ्या काळात नदीतून जे गेलं, ते त्यांच्या अंगावरून गेलं.

कोण टिकतं, कोण जातं

पाण्यातला ऑक्सिजन घटला की आधी स्टोनफ्लाय जातात, मग बहुतेक मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय. उरतात त्या गाळातल्या बारीक गांडुळांच्या जाती आणि न चावणाऱ्या चिलटांच्या तांबड्या अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. म्हणूनच त्या कमी ऑक्सिजनवर तग धरतात. तांबडी अळी दिसली म्हणजे पाणी खराब, असं मात्र नव्हे. चांगल्या पाण्यातही ती थोडीफार असतेच. बाकी सगळे गेले आणि तीच उरली, तर काळजी करावी.

गुण देण्यासाठी आम्ही ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धत वापरतो. तिच्यात किड्यांच्या प्रत्येक कुळाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, प्रदूषण किती सोसवतं त्यावरून १ ते १० गुण (कमी सोसणाऱ्याला जास्त) : गांडूळवर्गाला १, चिलटांच्या अळ्यांना २, बहुतेक स्टोनफ्लायना १०. गुणांची बेरीज आणि दर कुळामागची सरासरी, दोन्ही अहवालात असतात. आमचा भरवसा सरासरीवर जास्त, कारण जाळी जास्त वेळ फिरवली की बेरीज आपोआप फुगते.

इथं एक गोम आहे. ही पद्धत मुळात मैलापाण्यासारख्या सेंद्रिय प्रदूषणासाठी बेतलेली आहे. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या पाण्यात तांबं, जस्त असेल तर नदीत ऑक्सिजन भरपूर राहतो, पण चपट्या अंगाची मेफ्लाय नाहीशी होते, गोगलगायी विरळ होतात. काही स्टोनफ्लाय आणि जाळी विणणारे कॅडिस मात्र तग धरतात. गुण बरे दिसतात, नदी बरी नसते. म्हणून अहवालातला आकडा पाहून फाइल मिटू नका, मागची कुळांची यादीही वाचा. धातूंचा संशय असेल तर चिलटांच्या अळ्यांचे तोंडाचे अवयव आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, कारण विषारी गाळात वाढलेल्या अळ्यांच्या दातांत व्यंग दिसू शकतं. नेमकं कोणतं रसायन, हे मात्र किड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी बाटलीच लागते.

नमुना कसा घेतो

तुमच्या विसर्गाच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, असे किमान दोन नमुने. दोन्हीकडे दगडगोटे, खोली, पाण्याचा वेग शक्य तितका सारखा. पायानं तळ ढवळायचा, खालच्या बाजूला जाळी धरायची, तीन मिनिटं. वरचा नमुना नसेल तर खालच्या आकड्याला अर्थ उरत नाही. मध्येच दुसऱ्या कुणाचा नाला मिळत असेल, तर त्याच्या आधी आणि नंतर वेगळे नमुने घेतो. दुसऱ्याचा दोष तुमच्या माथी यायला नको. पुरानंतर तळ धुऊन गेलेला असतो, त्यामुळे काही आठवडे थांबावं लागतं.

आम्ही येणार म्हणून त्या दिवशी विसर्ग बंद ठेवू नका. बाटलीला फरक पडेल, किड्यांना नाही. त्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांची नोंदवही काढून ठेवा : ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) कधी बंद होता, कोणतं रसायन बदललं, कुठे गळती झाली. एखादी नोंद गाळलेली असेल, तर फरक कुठून आला हे शोधायला आणखी एक फेरी मारावी लागते आणि तिचं बिल वेगळं येतं.